तापणं, निवणं आणि एक ग्राफिक्स कार्ड

लॅपटॉपचं म्हातारपण सांगून येत नाही, पण क्रमानं येतं. आधी बॅटरी जाते, म्हणजे घराबाहेर पडणं संपतं. भिंतीतल्या वायरीला धरूनच काय ते जगायचं. मग बिजागरी ढिली होते आणि पडद्याला मागून पितळी तांब्याचा टेकू द्यावा लागतो. मग एखादं बटण रुसतं. आमच्याकडे नेमकं ‘ल’चं रुसलं, आणि त्याच बटणावर ‘ळ’ही राहतो. मराठीत ‘ल’ नसला की गेला, आला, केला, मेला यातलं काहीच लिहिता येत नाही, म्हणजे सगळा भूतकाळच जातो. काही काळ मी नाइलाजानं निव्वळ वर्तमानात जगत होतो. ‘ळ’वाचून तर मावळातल्या माणसाला स्वतःचा पत्तासुद्धा पुरता देता येत नाही.

हे सगळं सोसता येतं. ग्राफिक्स कार्डाचं दुखणं मात्र वेगळ्या जातीचं. त्यात यंत्राची बुद्धी शाबूत असते, स्मरण शाबूत असतं, फायली जागच्या जागी असतात, हिशेब बिनचूक होतात. फक्त मनात आहे ते चेहऱ्यावर नीट उमटत नाही. आतून सगळं समजतंय आणि बाहेर भलतंच दिसतंय, अशी ती अवस्था. घरातली माणसं अशा वेळी ‘याला वेड लागलं’ म्हणून मोकळी होतात. लॅपटॉपच्या बाबतीतही तसंच म्हटलं गेलं.

हा लॅपटॉप मूळचा माझ्या पुतण्याचा. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना त्यानं तो हट्टानं घेतला आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलाच घेतला, कारण अभ्यासाला ते लागतं असं त्यानं घरी सांगितलं होतं. कुठल्या अभ्यासात दर रात्री एवढे राक्षस मरतात, हे त्याच्या वडिलांनी विचारलं नाही. पुढे नोकरी लागली, कंपनीनं नवा लॅपटॉप दिला, आणि जुना गावाकडे आला. शहरातून गावाकडे येणाऱ्या वस्तूंची एक रीतच असते: तिथे जे टाकवत नाही आणि ठेववतही नाही, ते ‘गावाला उपयोगी पडेल’ म्हणून एसटीत चढतं. चेलाडी फाट्यावरून आत वळायचं, मार्गासनी, विंझर करत वेल्हे गाठायचं आणि तिथून केळदच्या रस्त्याला लागायचं. त्या रस्त्यावर आमचं पासली. पुढे केळदवरून मढे घाटाची वाट कोकणात उतरते, म्हणजे पुणे जिल्ह्याची आमच्या बाजूची हद्द तिथे संपते. तोरण्याच्या मुलखात आम्ही राहतो. तोरणा 1403 मीटर उंच आहे, आणि अरबी समुद्राकडून येणारा ढग सह्याद्रीला धडकला की त्याच्याकडचं सगळं पाणी आमच्या अंगावर ओततो. वर्षातले चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने पावसाची तयारी, असं आमचं पंचांग.

अशा गावात त्या कार्डाची ग्राफिक्स चिप येऊन पडली. लॅपटॉपच्या पडद्यावर 20 लाखांहून जास्त ठिपके असतात. खेळ रंगात आला की त्यातल्या प्रत्येकाचा रंग सेकंदाला 60 वेळा नव्यानं ठरवायचा असतो. मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो थोडीच कामं एका वेळी हातात घेतो. ग्राफिक्स चिप शेकडो छोटी गणितं एकदम करते, म्हणून ज्वालामुखी पेटताना दिसतो आणि राक्षसाच्या दाढीचा केसन् केस हलतो. पासलीत आल्यावर तिच्या वाट्याला आला सातबारा. त्यापाठोपाठ आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज, पोरींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म. यातला कुठलाही कागद हलत नाही. सेकंदाला 60 वेळा रंगवावं असं त्यात काही नाही. सातबारा तर पिढ्यान् पिढ्या हलत नाही, हीच त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

दुखणं सुरू झालं ते हिरव्या ठिपक्यांनी. मग ठिपक्यांच्या रेघा झाल्या. मग मधूनच पडदा क्षणभर काळा व्हायचा, पुन्हा उजळायचा आणि कोपऱ्यात एक निरोप यायचा, की चित्र दाखवणारा ड्रायव्हर बंद पडला होता, पण आता सावरला आहे. इतक्या समजूतदारपणे स्वतःच्या झटक्याची बातमी देणारा रुग्ण मी दुसरा पाहिलेला नाही.

गावभर बोभाटा झाला तो तात्यांच्या नकाशामुळे. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांना गटाचा नकाशा बघायचा होता. सरकारचं महाभूनकाशा नावाचं संकेतस्थळ आहे, तिथे गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा, की आपल्या रानाची आकृती पुढे येते. मी गट नंबर टाकला. आकृती आली, आणि तिच्यासोबत पूर्वेच्या अंगानं सरळ खाली जाणारी एक हिरवीगार रेघही आली.

“आरं, ही रेघ कसली?” तात्यांनी चष्मा सावरला.

“ती रेघ नाही तात्या. कार्ड बिघडलंय.”

“कुनाचं कार्ड?”

“ग्राफिक्स कार्ड.”

“रेशनचं न्हवं ना? मग त्याचा नि माझ्या बांधाचा काय संबंध?”

संबंध नाही, हेच मी सांगत होतो. पण तात्यांनी त्या रेघेच्या पलीकडची पट्टी मनातल्या मनात मोजली होती आणि ती आबांकडे जात होती. आबा म्हणजे तात्यांचे चुलतभाऊ, शेजारच्या गटाचे मालक. बातमी तिन्हीसांजेच्या आत आबांकडे पोचली, आणि आबाही ‘जरा माझाबी बघ’ म्हणत येऊन बसले. त्यांचा गट उघडला तर रेघ दुसऱ्याच बाजूला, आणि या खेपेस पट्टी तात्यांकडे. दोघे एकाच पडद्यासमोर उभे राहिले. दोघांनी एकमेकांच्या आजोबांची आठवण काढली. त्या आवाजानं की काय कोण जाणे, चिपनं शेवटचा जोर लावला आणि सगळ्या गावावर लाल-हिरव्या चौकटींची चादर अंथरली. कुणाचीच जमीन कुणाकडे राहिली नाही. इतका सरसकट निवाडा पासलीत कुणी केला नसेल.

असं का होतं, हे मी मग हळूहळू समजून घेतलं. कार्ड म्हटलं तरी लॅपटॉपमध्ये ते उपसून काढता येईल असं सहसा नसतंच. मदरबोर्डवर कायमची चिकटवलेली ती एक चिप असते. वर सिलिकॉनचा पातळ तुकडा, त्याखाली त्याची छोटी बैठक, त्याखाली मदरबोर्ड, आणि या थरांच्या मधे सोल्डरचे बारीक बारीक शेकडो ठिपके. सगळी ये-जा त्या ठिपक्यांतून चालते. चिप कामाला लागली की 80-90 अंशांपर्यंत तापते, काम थांबलं की निवते. तापताना प्रत्येक वस्तू थोडी फुगते, पण सगळ्या सारख्या फुगत नाहीत. मदरबोर्डाचं फुगणं सिलिकॉनच्या पाचेक पट असतं. आमच्या घराचं मागचं दार असंच आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. चौकट भिंतीत रुतलेली, ती हलत नाही. दर वर्षाच्या या ओढाताणीत बिजागरीचे स्क्रू ढिले होतात. दोष दाराचा नाही, भिंतीचा नाही, आणि मधे सापडलेल्या स्क्रूंचा तर नाहीच नाही. चिपखालचे ते ठिपके म्हणजे हे स्क्रू. तापून-निवून त्यांना तडे जातात, आणि एखाद्या ठिपक्यातला संबंध तुटला की पडद्यावर कुणाच्या तरी रानातून हिरवी रेघ जाते.

हे फक्त गावाकडच्या उतारवयातल्या लॅपटॉपांना होतं असंही नाही. मायक्रोसॉफ्टनं 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 नावाचं खेळाचं यंत्र काढलं. थोड्याच काळात हजारो घरांतून त्या यंत्रावर लाल दिव्यांचं कडं दिसू लागलं, म्हणजे यंत्र गेलं. जुलै 2007 मध्ये कंपनीला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि त्यापायी 1 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. पुढच्याच जुलैत, 2008 मध्ये, एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपच्या मोठ्या कंपनीनं तेव्हाच्या काही लॅपटॉपांतल्या चिपांसाठी 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला ठेवले. चिप आणि तिची बैठक यांना सांधणारं साहित्य कमकुवत निघालं होतं. आमच्या लॅपटॉपचा त्या दोन्ही प्रकरणांशी काही संबंध नाही, त्याचं आपलं वय झालं होतं. पण एवढ्या मोठ्या घराण्यांतही हे दुखणं असतं म्हटल्यावर माणसाला बरं वाटतं.

यातला मला सगळ्यात भावलेला भाग बराच नंतर उघड झाला. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या यंत्राच्या इतिहासावर एक माहितीपट काढला, त्यात त्यांच्याच माणसांनी लाल कड्याचं कारण सांगितलं. सांधे तुटले ते निव्वळ उष्णतेनं नव्हे. यंत्र चालू झालं की तापायचं, बंद केलं की निवायचं, आणि या फेऱ्यांनी सांधे तुटले. म्हणजे राबण्यानं कुणी मोडलं नाही. पुन्हा पुन्हा तापण्या-निवण्यानं मोडलं.

आता आमच्या लॅपटॉपकडे या नजरेनं बघा. बॅटरी गेलेली, त्यामुळे लाईट गेली की हाही त्याच क्षणी जातो. आणि पावसाळ्यात लाईट जाते, येते, आल्यासारखी करून पुन्हा जाते. पुण्यात तो रात्रभर राक्षस मारत एकसारखा तापलेला असायचा आणि ठणठणीत होता. इथे त्याला काम असं नव्हतंच, फक्त दिवसभर उठबस होती. गावचं जीवन निवांत असतं असं शहरातली माणसं म्हणतात, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुखणं कळलं की सल्ले येतात. एक्सबॉक्सवाल्या पोरांनी परदेशात एक उपाय काढला होता: यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवायचं, म्हणजे काही काळ ते पुन्हा चालतं. आणखी धीट लोक ग्राफिक्स कार्ड चक्क केकच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास भाजून काढायचे. त्यानं तुटलेले सांधे तात्पुरते टेकतात, काही आठवडे किंवा महिने चित्र नीट दिसतं, आणि मग पहिल्यासारखं होतं. शिवाय त्या धुरानंतर ओव्हनमध्ये केक करू नये हे वेगळंच. आमच्याकडे ओव्हन नाही. पण ही गोष्ट ऐकल्यावर गोधडी सुचवली गेली, भाकरीचा तवा सुचवला गेला. भाताचा मुलूख असल्यामुळे ‘तांदळात पुरून ठेव’ हा सल्ला तर न मागता मिळाला, आणि तोही इंद्रायणीच्याच तांदळात, कारण त्याचा वास चांगला. घरातून एवढंच विचारलं गेलं, “दसऱ्याला पूजा केली होती ना त्याची?” केली होती. झेंडूही वाहिला होता.

शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून पुण्याला नेला. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली ही विजेवर चालणाऱ्या यच्चयावत वस्तूंची पंढरी आहे. तिथे वायर, दिवे, स्पीकर आणि पार्ट यांच्या गर्दीत ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ अशा पाट्या लटकत असतात. एका पाटीखाली विशीतला एक मुलगा बसला होता. त्यानं नाव-गाव विचारलं नाही, मागचं झाकण काढलं, पंख्यात चिमटा घातला आणि एक वाळकी झेंडूची पाकळी बाहेर काढून माझ्यासमोर ठेवली.

“काका, पूजा जोरात झालीय.”

चुलीचा धूरही पंख्यात साचला होता. चिप आणि तिच्यावरची तांब्याची नळी यांच्यामधली पेस्ट वाळून खपली झाली होती. उष्णता बाहेर काढणं हे त्या पेस्टचं काम. त्यानं सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली, लॅपटॉप चालू केला. हिरवी रेघ आली.

“जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिपच गेलीय. रिबॉलिंग करून देतो, पण गॅरंटी विचारू नका.”

रिबॉलिंग म्हणजे काय ते त्यानं हातातलं काम न थांबवता सांगितलं. चिप हॉट एअरनं तापवून उचलायची, खालचे सोल्डरचे गोळे साफ करायचे, नवे बसवायचे, पुन्हा तापवून बसवायची. पूर्वीचं शिसं मिसळलेलं सोल्डर 183 अंशांना वितळायचं. युरोपनं 1 जुलै 2006 पासून शिशाला बंदी केली आणि जगभरच्या कारखान्यांनी बिनशिशाचं सोल्डर धरलं, त्याला 217 अंशांच्या वर जावं लागतं. “म्हणजे बोर्डाला जास्त चटका. आणि चिपच्या आतला सांधा गेला असेल, तर खालचे गोळे कितीही बदला, काही होत नाही.” तापण्यानं झालेल्या रोगावर आणखी तापवणं हाच उपचार, आणि तोही बिनभरवशाचा. मग त्यानं पहिल्यांदा वर बघितलं.

“काका, याच्यावर तुम्ही करता काय?”

“सातबारा काढतो.”

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. “मग हे कार्ड पाहिजे कशाला?”

प्रोसेसरच्या पोटात एक छोटं ग्राफिक्स असतंच, साधं, कमी ताकदीचं, कमी तापणारं. पुतण्यानं प्रत्येक काम मोठ्या कार्डावरच चालावं असं लावून ठेवलं होतं, म्हणून सातबारासुद्धा राक्षसाच्या वाटेनं येत होता. त्या मुलानं डिव्हाइस मॅनेजर उघडला, मोठ्या कार्डाच्या नावावर जाऊन ‘डिसेबल’ केलं आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. रेघ गेली. पैसे घेतले ते फक्त साफसफाईचे आणि पेस्टचे.

कार्ड अजून आत आहे. डिव्हाइस मॅनेजरच्या खिडकीत त्याच्या नावाशेजारी खाली तोंड केलेला एक बारका बाण दिसतो. त्याला काढलेलं नाही, हाकललेलं नाही. जागा त्याची तीच आहे, यादीत नाव आहे, फक्त त्याला आता काही विचारायचं नाही आणि त्यानं काही सांगायचं नाही. नात्यागोत्यातल्या काही माणसांसाठी अशी एक खिडकी मिळाली असती तर बरीच लग्नकार्यं सुखानं पार पडली असती, असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि तापण्या-निवण्याची ती गोष्टही डोक्यातून जात नाही. आमच्या गावात दोन घरं आहेत, त्यांचं विहिरीच्या पाण्यावरून माझ्या लहानपणी एकदा बिनसलं ते बिनसलंच. बोलणं नाही, जाणं-येणं नाही. लग्नाची पत्रिका रीतीनं जाते, कुणी येत नाही, कुणाला वाईट वाटत नाही. इतकी टिकाऊ, देखणी, एका तापमानाला राखलेली दुश्मनी पुढच्या पिढीनंही जपली आहे. उलट तात्या आणि आबा. राब भाजायच्या दिवसांत दोघे बांधावरून तापतात. गौरी-गणपतीला एका पंगतीत निवतात. भात कापणीला पुन्हा तापतात, दिवाळीला फराळाचं ताट जातं-येतं, आणि बांधाला कुदळ लागली की पहिल्यापासून. दर फेरीला मधला एखादा सांधा कुरकुरतो. यंत्रशास्त्राप्रमाणे बघितलं तर त्यांनी एकतर कायम चालू राहावं, नाहीतर कायम बंद. पण कायम चालू राहायला लागते ती माया माणसाकडे रोज नसते, आणि कायम बंद राहायला लागतो तेवढा ताठाही त्या दोघांकडे नाही. त्यामुळे ते जुने होत चालले आहेत, एकत्रच.

पुतण्याला मी फोनवर सगळं सांगितलं, तर तो हळहळला. “काका, या चिपांसाठी आज जग रांगेत उभं आहे. ते चॅटबॉट बिटबॉट सगळे यांच्यावरच शिकतात.” खरंच आहे. एनव्हिडिया 1993 मध्ये निघाली ती खेळांतली चित्रं पळवायला. आता तिच्याच जातीच्या चिपा यंत्रांना बोलायला शिकवतात. शेकडो छोटी गणितं एकदम करण्याचा जो गुण राक्षसाच्या दाढीला लागायचा, तोच यंत्राच्या शिकण्यालाही लागतो. त्या कंपनीची मोठी कचेरी पुण्यातच आहे, म्हणजे आमच्याकडून एसटीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाआधी पोचता येईल. “आणि तुम्ही ते बंद करून ठेवलंय!” तो म्हणाला. नवा घेऊन देतो म्हणाला, त्यात आणखी मोठं कार्ड असेल म्हणाला.

मी त्याला नको म्हटलं. त्याची माया कळते, पण आमचा सातबारा अजून हलायला लागलेला नाही. तो हलू लागला, म्हणजे आजोबांच्या नावाखाली नातवंडांची नावं खरोखर चढू लागली, तर ते बघायला मीसुद्धा सेकंदाला 60 चित्रं मागेन. तोवर छोट्या ग्राफिक्सवर भागतं. पान उघडायला जरा वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो. तात्या येतात, आबा येतात, मी गट नंबर टाकतो, आणि बांध असेल तिथेच दिसतो. भांडायला तेवढं पुरतं.